न फिरणारी तरफ

तरफेचा नियम आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो: बल आणि भुजा ह्यांचा गुणाकार दोन्ही बाजूंस सारखा असला म्हणजे तरफ स्थिर राहते. ज्या पालकांनीं सळईच्या ब्रेकांची जुनी सायकल वापरली असेल त्यांनीं काटकोनांत वळलेली तरफही पाहिली असेल. अशीच एक काटकोनी तरफ गिल्बर्ट लुइस व रिचर्ड टोलमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९०९ सालीं विचारासाठीं घेतली, आणि तिच्यांतून सापेक्षतावादापुढें एक मोठा पेंच उभा राहिला. तो पेंच व त्याची उकल येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तरफेची एक भुजा आडवी, एक उभी; लांबी प्रत्येकी १००. दोन्ही टोकांवर, भुजेशीं काटकोन करून, १०० इतकें बल. तरफ अर्थातच स्थिर आहे. आतां ती आडव्या भुजेच्या दिशेनें, प्रकाशाच्या वेगाच्या ०·६ पट वेगानें, आपल्यासमोरून जात आहे असें समजूं. आइन्स्टाइन ह्यांच्या १९०५ सालच्या सिद्धान्ताप्रमाणें आडवी भुजा आपल्या मापानें ८० भरेल, आणि तिच्या टोकावरील उभें बलही ८० च भरेल. उभी भुजा व तिच्यावरील आडवें बल मात्र बदलत नाहीं. म्हणजे एका बाजूस १०,००० आणि दुसऱ्या बाजूस ६,४००! ३,६०० चा फरक पडला. तेव्हां तरफ फिरली पाहिजे. परंतु तिच्यासोबत प्रवास करणाऱ्यास ती स्थिरच दिसते. एकच तरफ फिरते आणि फिरत नाहीं, हें कसें शक्य आहे? सापेक्षतेचें तत्त्वच येथें पणाला लागलें.

उकल १९११ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ माक्स लाउए ह्यांनीं केली. (स्फटिकांतून जाणाऱ्या क्ष-किरणांविषयींच्या शोधाबद्दल ज्यांना १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें तेच हे.) ती समजण्यासाठीं क्षणभर आगगाडीकडे वळूं. इंजिन डबे ओढतें तेव्हां मधली सांखळी ताणलेली असते. ती स्वतः कांहींच निर्माण करीत नाहीं. पण इंजिनाची ऊर्जा तिच्यांतूनच मागील डब्यांस पोंचते. गाडी उभी असतां सांखळी कितीही ताणली तरी तिच्यांतून ऊर्जा वाहत नाहीं. ताण आणि गति दोन्ही असलीं म्हणजेच हा ओघ सुरू होतो.

आपल्या तरफेंतही तेंच घडतें. आडवें बल गतीच्या दिशेनें ढकलीत आहे असें धरल्यास तें सारखें कार्य करीत असतें. त्यामुळें उभ्या भुजेच्या टोकांतून ऊर्जा आंत शिरते, भुजेंतून टेकूकडे वाहते, आणि तेथें मागें रेटणारी टेकूची प्रतिक्रिया ती काढून घेते. उभें बल गतीशीं काटकोनांत असल्यानें त्याचें कार्य शून्य. आतां ऊर्जेस जडत्व आहे. म्हणून तिच्या ओघासही संवेग असलाच पाहिजे. हा संवेग उभ्या भुजेच्या दिशेनें, म्हणजे गतीशीं काटकोनांत असतो! ह्या सर्व प्रकरणांत आम्हांस अत्यंत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. तरफ जसजशी पुढें जाते तसतसा, आपल्या जागेपासून मोजलेला, ह्या संवेगाचा कोनीय संवेग वाढत जातो, आणि तरफ तसूभरही फिरत नाहीं. वाढीचा दर काढूं: बल १००, भुजा १००, आणि ०·६ चा वर्ग ०·३६, गुणाकार ३,६००. जी तफावत तरफेस फिरवील असें वाटलें होतें ती नेमकी येथें खर्ची पडते.

तेव्हां ‘संवेग म्हणजे वस्तुमान गुणिलें वेग’ हें सूत्र दाबलेल्या किंवा ताणलेल्या वस्तूस जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. एक मीटर लांबीची सळई दोन्ही टोकांकडून १०,००० न्यूटन बलानें, म्हणजे सुमारें एक टन वजनाच्या भारानें, दाबून धरावी व लांबीच्या दिशेनें चालवावी. दाबामुळें तिच्या संवेगांत जी भर पडते ती मोजण्यास तिचें वस्तुमान कितीनें अधिक धरावें? एका ग्रॅमचे नऊ अब्ज भाग करावे, त्यांतील एका भागाइतकें. सुतार-लोहारांनीं ह्याची चिंता करण्याचें कारण नाहीं. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गर्भांत मात्र दाब इतका प्रचंड असतो कीं, तो वस्तुमानाच्या जोडीनें हिशेबांत धरावाच लागतो.