सदरा आटला की मुलगा वाढला?

जूनमध्ये शाळा उघडली की गेल्या वर्षीचा गणवेश कपाटातून बाहेर निघतो आणि श्रीगोंद्यातल्या घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: 'सदरा लहान झाला.' मराठीत हे वाक्य दोन्हीकडे चालतं. धुऊन धुऊन कापड आटलं असेल, नाहीतर सुट्टीत पोराची उंची वाढली असेल. पोर डोळ्यांसमोर उभं असतं, म्हणून बोलणाऱ्याचं काही अडत नाही. हेच वाक्य 'द शर्ट बिकेम स्मॉल' असं इंग्रजीत गेलं की मात्र अडतं. इंग्रजीनं या दोन घटनांना दोन क्रियापदं दिली आहेत आणि त्यांचे कर्तेही वेगळे ठेवले आहेत. पोर वाढलं तर कर्ता पोर: 'ही हॅज आउटग्रोन हिज शर्ट.' कापड आटलं तर कर्ता कापड: 'द शर्ट हॅज श्रंक.' तेव्हा बदल कोणात झाला हे आधी ठरवायला हवं, शब्दकोश त्यानंतर उघडावा.

शब्दकोशानं फसण्याचं दुसरं कारण आपल्या 'आटणे' या शब्दातच आहे. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात तो कपड्यापेक्षा पाण्याशी जास्त बांधलेला आहे. उन्हाळ्यात विहीर आटते, गुऱ्हाळाच्या काहिलीत उसाचा रस आटतो, चुलीवर दूध आटतं, दुभती गायही आटते. इंग्रजीत विहीर 'ड्राइज अप', रस 'बॉइल्स डाउन', गाय 'गोज ड्राय' आणि कापड 'श्रिंक्स'. आपल्या एका शब्दाची तिथं चार घरं आहेत. 'माय शर्ट ड्राइड अप' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला शर्ट वाळला एवढंच कळेल. शिवाय कापडात जे घडतं ते विहिरीच्या अगदी उलट आहे. विहीर पाणी गेल्यानं आटते, सुती कापड पाणी आत शिरल्यानं. मागावर आणि गिरणीत कापड ताणलेलं असतं, त्यातही उभे धागे म्हणजे ताणा अधिक. पाणी प्यालेला धागा फुगतो, ताण सुटतो, आणि आडव्या धाग्यांच्या वरून-खालून जाण्यात त्याची जास्त लांबी खर्च होते. म्हणून सुती कापड रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटतं. धुतल्यावर पँट 'वर चढली' असं आपण म्हणतो, ते निरीक्षण अचूक आहे. शंभराला चार या प्रमाणात कापड आटलं, तर 75 सेंटीमीटरची पायाची शिवण 3 सेंटीमीटरनं कमी होते आणि घोटे उघडे पडतात.

आसपासचे शब्दही तपासावेत. 'टाइट' म्हणजे घट्ट, 'शॉर्ट' म्हणजे आखूड. हे शब्द कपडा आता कसा आहे ते सांगतात, असा का झाला ते सांगत नाहीत. 'कॉन्ट्रॅक्ट' हे क्रियापद आखडणाऱ्या स्नायूला किंवा थंडीत आकुंचन पावणाऱ्या धातूला शोभतं, शर्टाला नाही. 'क्रीज' म्हणजे चुरगळणं. लोकरीला मात्र खास शब्द आहे. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घासली की ते एकमेकांत अडकतात आणि वस्त्र आटतं, शिवाय जाड, गच्च होतं. याला इंग्रजीत 'फेल्ट' होणं म्हणतात. काश्मिरी नमदा मुद्दाम असाच दाबून करतात. नगर जिल्ह्यातल्या घोंगडीला गरम पाण्यात रगडत नाहीत, यामागचं शास्त्रही हेच आहे.

अर्थ पोहोचला की झालं, एवढा काथ्याकूट कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. समोरासमोर बोलताना तो मान्य करावा. पण आता श्रीगोंद्यातूनही मोबाइलवर कपडे मागवले जातात आणि तक्रार अनेकदा इंग्रजीत लिहावी लागते. 'द शर्ट इज स्मॉल' असं लिहिलं की विक्रेता म्हणणार, तुम्हीच चुकीचं माप निवडलंत. 'द शर्ट श्रँक आफ्टर द फर्स्ट वॉश' असं लिहिलं की प्रश्न कापडाच्या दर्जाचा होतो. एका क्रियापदानं दोष इकडून तिकडे जातो. हा फरक मला व्याकरणापेक्षा मोठा वाटतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, तेव्हा रूपं पाठ करून घेण्याबरोबर असं एखादं तक्रारपत्र मुलांकडून लिहून घ्यायला हवं.

रूपांबद्दलही एक आक्षेप येतो. 1989 च्या एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटाच्या नावातच 'आय श्रंक द किड्स' आहे, मग 'श्रँक'चा आग्रह का? अमेरिकी बोलण्यात साध्या भूतकाळाला 'श्रंक' चालतं, हे खरं. पण परीक्षेत आणि अर्जात 'श्रँक' सुरक्षित. 'हॅज'नंतर 'श्रंक', आणि नामाआधी विशेषण म्हणून 'श्रंकन'. कापडाच्या चिठ्ठीवर मात्र 'प्रीश्रंक' भेटतं, म्हणजे विकण्याआधीच आटवून घेतलेलं. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी 1930 साली अशा यांत्रिक पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावावरून आलेला 'सॅन्फोराइज्ड' हा शब्द पुढे आपल्याकडच्या गिरण्यांच्या सुती कापडावरही छापला जाई. ब्लाउज शिवायला टाकताना 'अस्तर आधी पाण्यातून काढून आणा' असं शिंपी सांगतो, ते हेच काम, घरच्या बादलीत.