लखनौचा मांडव आणि नंदलालांची भिंत

रस्त्याकडेच्या भिंती रंगवणारा चित्रकार आता आपल्या शहरांना अपरिचित राहिलेला नाही. उड्डाणपुलांच्या खांबांवर, रेल्वेच्या कुंपणांवर, शाळांच्या आवारभिंतींवर मोठमोठी चित्रे दिसू लागली आहेत. मुंबईत दिसतात, पुण्यात दिसतात, तशी लखनौतही दिसतात. एखाद्या चित्रकाराची अशी चार-दोन कामे ओळीने पाहण्याचा योग आला, तर एक गोष्ट हमखास ध्यानात येते. पहिली भिंत रंगवताना तो कागदावरचे चित्र नुसते मोठे करतो. दुसऱ्या-तिसऱ्या भिंतीवर बारीकसारीक तपशील गळू लागतो, रेषा जाड होते, रंग मोजके होतात. भिंत त्याला शिकवू लागलेली असते.

हे शिक्षण आपल्या देशातल्या एका फार मोठ्या चित्रकाराने, कीर्ती मिळवून झाल्यावर, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी नव्याने घेतले. त्याचा एक महत्त्वाचा धडा १९३६ साली लखनौस झाला आणि पुढचा, त्याच वर्षी, आपल्या खानदेशात. हा चित्रकार म्हणजे नंदलाल बसू. आज त्यांच्या भिंतींच्या मागोमाग जरा फिरावे असे मनात आहे.

नंदलालांचा जन्म १८८२ सालचा, बिहारातल्या मुंगेर जिल्ह्यातला. कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली ते तयार झाले. त्या काळी तेथे जी पद्धत रूढ होती, तीत रंगाचा हात फिरवून कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा रंगवायचा, पुन्हा भिजवायचा, असा क्रम असे. त्यामुळे चित्रावर एक धुक्यासारखा मंद पडदा उतरे. पौराणिक विषयांना तो शोभून दिसे यात शंका नाही. पण ही चित्रे आकाराने लहान. हातात धरून, खिडकीपाशी बसून, एकट्याने पाहावयाची. दहा पावले मागे सरले की त्यांतले निम्मे सौंदर्य नाहीसे होते. भिंतीचा विचार या पद्धतीत मुळी नव्हताच.

तो विचार त्यांच्या मनात शिरला तो अजिंठ्यास. १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्रीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम हाती घेतले आणि तिच्या मदतीला कलकत्त्याहून जे तरुण आले, त्यांत नंदलाल आणि असितकुमार हालदार हे दोघे होते. नक्कल करणे हे काही फार प्रतिष्ठेचे काम मानले जात नाही. परंतु एखाद्या आकृतीची रेषा खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत स्वतःच्या हाताने फिरवून पाहिल्याशिवाय ती रेषा किती लांब श्वासाची आहे हे कळत नाही. अजिंठ्याच्या कलावंतांनी मातीत भाताचे तूस, गवताचे तंतू मिसळून खडकावर गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि कोरड्या झालेल्या पृष्ठावर गेरू, पिवडी, काजळी यांसारख्या रंगांनी चित्रे काढली. रंग मोजके आणि जागा अंधारी. म्हणून सारा भार बाह्यरेषेवर. सत्तावीस वर्षांच्या नंदलालांनी येथून जे नेले ते एवढेच, आणि ते आयुष्यभर पुरले. पुढे १९२१ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या बाघ लेण्यांच्या नकला करण्यासही हे दोघे मित्र, सुरेंद्रनाथ करांसह, गेले.

हालदारांचे नाव येथे मुद्दाम घेतले. १९२५ साली ते लखनौच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य झाले आणि पुढची वीस वर्षे त्यांनी ती शाळा सांभाळली. अजिंठ्याची रेषा लखनौस पोहोचली ती अशी, एका अध्यापकाच्या हातातून. नंदलाल मात्र शांतिनिकेतनात राहिले. तेथील कलाभवनात त्यांच्याभोवती देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी जमले. पहिल्या तुकड्यांतच आपल्या कोल्हापूरचे विनायक मासोजी होते, आणि पुढे तेही तेथेच शिक्षक झाले.

शांतिनिकेतनात नंदलालांनी भिंतीचा अभ्यास पद्धतशीर आरंभला. १९२७ साली जयपूरहून नरसिंहलाल नावाच्या परंपरागत कारागिराला बोलावून त्यांनी ओल्या चुन्यावर रंगवण्याची राजस्थानी रीत शिकून घेतली. या पद्धतीत गिलावा ओला असेतोवरच रंग लावावा लागतो; चुना सुकताना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण आपल्या पोटात धरून ठेवतो. मग अकीकाच्या खड्याने घोटून पृष्ठभागाला झिलई आणतात. चुकले तर पुसता येत नाही, खरवडून काढावे लागते. अभ्यागतांसमोर हात दाखवण्याची हौस असणाऱ्या चित्रकाराला ही शिस्त जाचक वाटते. नंदलालांना ती मानवली. १९३० साली श्रीनिकेतनात त्यांनी हलकर्षणाच्या, म्हणजे नांगरणीच्या उत्सवाचे चित्र भिंतीवर काढले. विषय पुराणातला नाही, शेतातला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी त्यांनी काठी टेकत दांडीच्या वाटेने निघालेल्या गांधीजींचे लिनोवरचे ठसाचित्र केले. काळ्यावर पांढऱ्या, मोजक्या रेषा; धुक्याचा कुठे मागमूस नाही.

असा हा चित्रकार १९३६ च्या वसंतात लखनौस आला. एप्रिलमध्ये तेथे जवाहरलालजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते, आणि त्यासोबतच्या खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनात भारतीय कलेचे दालन मांडण्याची कामगिरी गांधीजींनी नंदलालांवर सोपवली होती. गांधीजींचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रदर्शन ही करमणुकीची जत्रा नव्हे, ते खेड्यातल्या माणसाला काही शिकवण्याचे स्थान आहे. आणि ते उभारायचे तेही खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून.

क्षणभर लखनौच्या भिंतींकडे पाहू. या शहराला दगड जवळपास लाभलेला नाही. नबाबांनी येथे जे जे भव्य उभारले, ते पातळ लाखोरी विटांचे आणि चुन्याच्या गिलाव्याचे. असफउद्दौल्याने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बांधावयास घेतलेला बडा इमामबाडा घ्या किंवा त्याच्या शेजारचा रूमी दरवाजा घ्या; ज्याला आपण दूरून कोरीव दगड समजतो तो हाताने घडवलेला चुना असतो. दरवाजांच्या कमानींवर अवधच्या राजचिन्हातल्या माशांच्या जोड्या असतात. रस्त्याने जाणाऱ्या अडाण्यालाही त्या वाचता येतात. कलावस्तूने दाराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर उभे राहावे, ही रीत या गावाला नवीन नव्हती. नवीन होते ते एवढेच, की राजाच्या जागी आता प्रेक्षक हाच यजमान होता.

लखनौच्या दालनात नंदलालांनी आपल्या विद्यार्थ्यांसह भारतीय चित्रकलेचा जणू चालता इतिहास मांडला. प्राचीन भित्तिचित्रांच्या नकलांपासून अलीकडच्या चित्रकारांपर्यंत सारे काही एका साध्या मांडवात, साध्या माणसांपुढे ठेवले. गांधीजी प्रसन्न झाले. प्रदर्शनाच्या उद्घाटनात त्यांनी नंदलालांचा आणि शांतिनिकेतनच्या मंडळींचा कृतज्ञतेने उल्लेख केला.

तरीही माझ्या मते लखनौचा प्रयोग अर्धाच होता. तेथे कला दाखवली गेली. मांडव खेड्याचा, पण आतली चित्रे संग्रहालयातली. उन्हातान्हातून आलेला, डोक्यावर गाठोडे घेतलेला शेतकरी अजिंठ्याच्या नकलेपुढे उभा राहतो तेव्हा त्याला आदर वाटतो, आणि आदर वाटला की मनुष्य पुढे सरकतो. ते चित्र त्याला काही विचारीत नाही. नंदलालांना हे जाणवले होते की नाही हे त्यांच्या शब्दांत मला सांगता येणार नाही. परंतु पुढच्या दोन वर्षांत त्यांनी जे केले ते या उणिवेला दिलेल्या उत्तरासारखे दिसते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले. ते खेडे म्हणजे पूर्व खानदेशातले, यावल तालुक्यातले फैजपूर. धनाजी नाना चौधरींसारखे स्थानिक कार्यकर्ते आणि गावोगाव पायपीट करणारे साने गुरुजी यांनी या अधिवेशनासाठी जिल्हा पेटवला होता. गांधीजींनी पुन्हा नंदलालांना बोलावले. या खेपेस दालन मांडायचे नव्हते. टिळकनगर नावाची अख्खी वसाहत सजवायची होती. आपण चित्रकार आहोत, स्थापत्य हा आपला विषय नव्हे, असे नंदलालांनी संकोचाने कळवले. गांधीजींनी तो संकोच मानला नाही. त्यांना निष्णात नको होता, मन लावून करणारा हवा होता.

नंदलाल फैजपूरला आले आणि त्यांनी बांबू पाहिला. सातपुड्याच्या पायथ्याशी बांबूला काय तोटा! बांबू, कामट्या, चटया, गवत, सुतळी यांतून कमानी उठल्या, कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. स्थानिक कारागिरांच्या टोपल्या आणि मडकी हीच शोभा झाली. बांधकामाची बाजू म्हात्रे या स्थापत्यकाराने सांभाळली होती, आणि गांधीजींनी या दोघांच्या कामाचे श्रेय जाहीरपणे त्यांच्या पदरी घातले. येथे भिंत हीच चित्र झाली होती. चटईच्या विणीत जो नक्षीचा ताल असतो तो खानदेशी बाईला समजावून सांगावा लागत नाही. तिच्या घरी ती वीण रोज असते.

अधिवेशन संपले, मांडव उतरले, बांबू कुणाच्या तरी गोठ्याला लागले असतील. फैजपूरच्या त्या कामातले उभे असे काही उरले नाही. ज्याने अजिंठ्यात हजार-दीड हजार वर्षे टिकलेल्या भिंतींपुढे दिवस काढले, त्याने चार दिवसांच्या भिंतीसाठी एवढे श्रम घ्यावेत! अजिंठा तापीच्या दक्षिणेला, फैजपूर उत्तरेला. मधले अंतर थोडक्या तासांचे. नंदलालांना ते तोडावयास सत्तावीस वर्षे लागली.

तापीच्याच काठी, पण खाली गुजरातेत, हरिपुरा येथे फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली पुढचे अधिवेशन भरले, आणि येथे लखनौ आणि फैजपूर या दोहोंचा मेळ बसला. नंदलालांनी आधी आसपासच्या खेड्यांतून हिंडून रेखाटने केली. मग ऐंशीहून अधिक मूळ चित्रे स्वतः काढली आणि विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या आवृत्त्या करवून सुमारे चारशे फलक सिद्ध केले. हातकागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला, दोन फुटांच्या आसपासचा चौरस आकार, रंग मातीचे, कुंचला जाड. प्रत्येक चित्राला कमानीसारखी चौकट. आत कोण? धनगर, सुतार, लोहार, शिंपी, ढोलकीवाला, शिकारी, बैलाला आवरणारा गडी, कांडण करणाऱ्या बाया, सूत कातणारी, मुलाला दूध पाजणारी आई. हे फलक प्रवेशद्वारांवर आणि वाटांच्या कडेने लावले होते.

त्यांच्या घडणीचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. येथे प्रेक्षक थांबणारा नाही, चालणारा आहे, गर्दीत आहे, त्याला चित्र दोन-तीन क्षणच दिसणार. म्हणून एका फलकात बहुधा एकच व्यक्ती किंवा एकच क्रिया. पार्श्वभूमी सपाट, एका रंगाची. छायाप्रकाशाचा खेळ नाही, कारण उघड्या उन्हात तो फिका पडतो. पाठीच्या वळणाची, उचललेल्या हाताची रेषा एका दमात ओढलेली, कुठे जाड, कुठे निमुळती. बंगालच्या पटुव्यांची घाई आणि अजिंठ्याचा दीर्घ श्वास तिच्यात एकत्र आले आहेत. चारशे फलक थोड्या अवधीत पुरे करायचे, ही अडचणही कामी आली. गिरवत बसावयास वेळच नव्हता, त्यामुळे हात मोकळा राहिला. आणि लखनौला जो शेतकरी चित्रापुढे आदराने उभा होता, तो येथे चित्रात होता. वाटेने चालताना आपल्यासारखाच कुणी बैल आवरतो आहे हे पाहून त्याला थांबावेसे वाटले असेल तर नवल नाही.

यानंतरची एक भिंत आपल्या मराठी माणसांच्या ओळखीची आहे. बडोद्याच्या गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात १९३९ ते १९४६ या काळात नंदलालांनी चार भिंती रंगवल्या. गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीर पूजा आणि कुरुक्षेत्रावरील युद्ध हे त्यांचे विषय. टिकाऊ वास्तू, राजघराण्याचा आश्रय, हवा तेवढा अवधी. पुन्हा पुराणांचे आणि संतचरित्राचे विषय. पण हात तोच राहिलेला नाही. गर्दीने भरलेल्या त्या भिंतींवर एकेक आकृती पाहा. हरिपुऱ्याच्या वाटेवर जी शिकवण झाली ती रथ हाकणाऱ्यांच्या पाठींत आणि घोड्यांच्या मानांत उतरली आहे. कागदावरच्या धुक्यातून निघालेला चित्रकार राजाच्या भिंतीपाशी आला, तो मधे लखनौ, फैजपूर, हरिपुरा ही वाट चालून. थेट आला असता, तर या भिंतींवर बहुधा मोठ्या केलेल्या पोथ्यांची पाने दिसली असती.

हरिपुऱ्याच्या फलकांपैकी बरेचसे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आहेत. तेथे ती चित्रे पाहणारा सवयीने जवळ जातो, मान वाकवून कुंचल्याचे फटकारे न्याहाळतो. तुम्ही गेलात तर उलट करा. पंधरा-वीस पावले मागे या, आणि न थांबता त्यांच्यासमोरून चालत जा.