जर्मनीचे वार्तापत्र : डबा फोडून पाहिलात का?

हँबुर्गच्या एखाद्या ठोक व्यापाऱ्याने मशरूमचे दोन हजार डबे घेतले आणि महिन्याभराने तक्रारी येऊ लागल्यावर माल आंबल्याचे त्याला कळले, तर इथले न्यायालय आधी विचारते, माल उतरला तेव्हा चार डबे फोडून पाहिलेत का? पाहिले नसतील तर माल पसंत पडला असे धरले जाते आणि विक्रेता सुटतो. त्याने जाणूनबुजून दोष लपवला असेल तरच सुटत नाही. व्यापारी संहितेचे हे 377वे कलम दोन्ही बाजूंना व्यापारी असतील तरच लागू होते. घरासाठी मिक्सर घेणाऱ्याला तपासणीची अशी सक्ती नाही. त्याला दोन वर्षांची मुदत मिळते, आणि पहिल्या वर्षात बिघाड दिसला तर तो मुळात नव्हता हे दुकानदाराने सिद्ध करायचे.

सर्वांसाठी नागरी संहिता आणि तिच्यावर व्यापाऱ्यांसाठी वेगळी संहिता, अशी ही दुमजली रचना 1 जानेवारी 1900 पासून चालू आहे. आपल्याकडे 1872च्या करार कायद्यानुसार कुणीही तोंडी जामीन राहू शकतो. इथे सामान्य माणसाची जामीनकी सहीच्या कागदावरच हवी, ई-मेलसुद्धा चालत नाही. व्यापाऱ्याने मात्र धंद्यासाठी फोनवर दिलेला शब्दही त्याला बांधतो. मौनाचेही तसेच. फोनवर सौदा ठरल्यावर समोरच्याने ‘ठरले ते असे’ म्हणून पत्र पाठवले आणि व्यापाऱ्याने लगेच हरकत घेतली नाही, तर पत्रातल्या अटी सहसा त्याच्या गळ्यात पडतात. हा नियम संहितेत लिहिलेला नाही, बाजाराच्या रिवाजातून आला आहे.

वरवर हा अन्याय वाटतो, पण मला तो रास्त वाटतो. दोष वेळेवर कळला तर विक्रेत्यालाही माल ताजा असताना आपल्या पुरवठादाराला धरता येते; ज्याच्याकडे वही, कारकून आणि रोजची सवय आहे, त्याच्याकडून तेवढी जाग मागायला हरकत नाही. छोटा दुकानदार यात भरडला जाईल, या आक्षेपाला 1998च्या सुधारणेने उत्तर दिले: ज्याच्या धंद्याला व्यापारी थाटाच्या कारभाराची गरजच नाही तो व्यापारी नाही, स्वतःहून नोंदणी केली तरच होतो. दुसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. डॉक्टर, वकील कितीही कमावोत, व्यवसाय करताना ते व्यापारी ठरत नाहीत. यात जुन्या प्रतिष्ठेचा वास आहे. उलट एकाच माणसाची मर्यादित दायित्वाची कंपनी जन्मतःच व्यापारी. गंमत म्हणजे तिचा मालक-संचालक व्यक्तिशः व्यापारी ठरत नाही. त्यामुळे कंपनीचा तोंडी जामीन बँकेला चालेल, पण त्याच टेबलाशी बसलेल्या त्याच माणसाला स्वतःसाठी जामीन राहायचे असेल, तर त्याच्यापुढे कागद आणि पेन ठेवावेच लागते.