दहापैकी सात, पण कुठले सात?

हा मुलगा पुन्हा गुन्हा करील का? हे ताडण्यासाठी परदेशांत तयार प्रश्नावल्या वापरतात. त्यांतली एक ‘सेव्हरी’, १२ ते १८ वयोगटासाठी. तिच्यात धोका वाढवणारे २४ मुद्दे असतात: लहानपणी सोसलेली मारहाण, शाळेतली पीछेहाट, संगत. आधार देणारे मुद्दे अवघे ६. बेरीज करून निकाल लागत नाही. कमी, मध्यम की जास्त धोका, हे शेवटी तपासणाराच ठरवतो.

अशा साधनांची अचूकता साधारण ०.७० सांगतात. म्हणजे पुन्हा गुन्हा केलेला एक आणि न केलेला एक, अशी जोडी घेतली तर दहापैकी सात वेळा पहिल्याला जास्त धोका दाखवला जातो. नाणेफेकीत हे पाच वेळा जमतेच! समोर बसलेल्या एकट्या मुलाबद्दल मात्र हा आकडा फारसे काही सांगत नाही. २०१२ साली सुमारे २५ हजार प्रौढ व किशोरांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा हिंसेचा धोका जास्त ठरवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनीच पुढे हिंसा केली. कमी धोक्याचा अंदाज बराच खरा ठरला.

संगणकावर सोपवावे, तर स्पेनमधल्या कॅटलोनियातला २०१९चा अभ्यास आहे: अचूकता किंचित वाढली, पण परदेशी वंशाच्या मुलांवर चुकीचा शिक्का जास्त बसला.

आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्याचे कलम १५ निर्घृण गुन्ह्यातील १६ ते १८ वर्षांच्या मुलाची क्षमता, समज आणि घटनेची परिस्थिती तपासते. तो पुढे काय करील, हा प्रश्न त्या कलमात नाही.