सशुल्क स्थानबोली
संकेतस्थळांच्या सूचीत किंवा शोधयंत्राच्या उत्तरांत वरचे स्थान मिळावे म्हणून जाहिरातदारांनी परस्परांविरुद्ध लावलेली बोली. ती एका विशिष्ट शोधशब्दापुरती असते आणि सामान्यतः वाचकाने नोंदीवर टिचकी मारली, तरच रक्कम द्यावी लागते.

छापील व्यावसायिक दूरध्वनी-निर्देशिकेत मोठ्या चौकटीसाठी पैसे पडत. नावांचा क्रम मात्र वर्णानुक्रमे लागे. (म्हणून नावाच्या आरंभी ‘ए’ हे अक्षर दोनतीनदा जोडण्याची युक्ती अमेरिकेत रूढ झाली.) आंतरजालावरील आरंभीच्या निर्देशिकांचा आधारही संपादकीय निवड हाच होता. जेरी यांग व डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या ‘याहू’ निर्देशिकेने (बंद २०१४) पुढे व्यापारी संकेतस्थळांकडून वर्षाला २९९ डॉलर घेतले. पण ते तपासणीचे शुल्क होते, नोंद होईलच अशी हमी त्यात नव्हती.

स्थानच लिलावास काढण्याची कल्पना बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९९८ मध्ये अमलात आणली. सर्वांत मोठी बोली सर्वांत वर. शिवाय जाहिरातदार एका टिचकीला किती सेंट देतो, तो आकडा नोंदीशेजारीच दिसे. पैशाने क्रम ठरविणे अनेकांस गैर वाटले. तथापि येथे वाचकापासून काहीच लपविलेले नव्हते, हे मान्य करावयास हवे. २००१ मध्ये ‘ओव्हर्चर’ हे नाव घेतलेली ही कंपनी २००३ मध्ये याहूने विकत घेतली.

मूळ पद्धतीत जिंकणाऱ्यास आपली पूर्ण बोली भरावी लागे. हाच तिचा दोष ठरला. समजा, किमान बोली १० सेंट आहे आणि दोन विक्रेते पहिल्या जागेसाठी एकेक सेंटाने चढत आहेत. एका मर्यादेपलीकडे एकाला किमान दरात दुसरी जागा घेणेच परवडते व तो १० सेंटांवर उतरतो. लगेच दुसरा ११ वर येतो, पहिला १२ वर जातो आणि चढाओढ पुन्हा सुरू होते. बोल्या अशा सतत वरखाली होत. त्या बदलण्याचे काम पुढे संगणकी आज्ञावलींकडे गेले.

‘गूगल’ने २००२ मध्ये यात दोन सुधारणा केल्या. एक, क्रम ठरविताना बोलीस टिचक्यांच्या प्रमाणाने गुणावयाचे. उदा., २० सेंट बोलीच्या जाहिरातीवर शंभरांपैकी ५ वाचक टिचकी मारत असतील, तर तिचा गुणाकार १०० होतो. ४० सेंट बोलीच्या जाहिरातीवर दोघेच मारत असतील, तर ८०. अर्थात पहिली वर राहते. दोन, जिंकणाऱ्याने स्थान टिकविण्यापुरतीच रक्कम द्यावयाची. वरील उदाहरणात ती १६ सेंटांहून किंचित अधिक होते. विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये विवेचिलेल्या द्वितीय-मूल्य लिलावाशी ही पद्धत मिळतीजुळती आहे. मात्र येथे खरे मूल्य सांगणे बोलीदारास नेहमीच हिताचे ठरत नाही.

प्रतिस्पर्ध्याचा खर्च वाढविण्यासाठी मारलेल्या खोट्या टिचक्या हा या व्यवहाराचा जुना उपद्रव होय. वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न विकलेले स्थान ओळखू येण्याचा आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जून २००२ मध्ये शोधयंत्रांना सशुल्क नोंदी स्पष्टपणे वेगळ्या दाखविण्यास सांगितले. जून २०१३ मध्ये आयोगास पुन्हा पत्रे पाठवावी लागली. दरम्यानच्या काळात जाहिरातींमागील छटा व त्यांवरील खुणा अधिकच फिक्या होत गेल्याचे त्याला आढळले होते. ‘गोटू’ छापत असे तो सेंटांचा आकडा आजच्या प्रमुख शोधयंत्रांवर दिसत नाही.