उजळणीचे यंत्र आणि साठ्याची राखण

एकदा मिळवलेली विद्या टिकवायची कशी, ही चिंता विद्येइतकीच जुनी आहे. मराठीत केलेल्या अभ्यासाच्या पुनरावृत्तीला 'उजळणी' म्हणतात. काळवंडलेले भांडे घासून लख्ख करावे, तसे मलिन होत चाललेले ज्ञान पुन्हा उजळावे, असा अर्थ या शब्दात सहजच सामावलेला आहे. पण उजळणी केव्हा करावी? रोज केली तर वेळ वाया जातो, फार उशिरा केली तर सारे मुळापासून शिकावे लागते. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी आणि प्रत्येक वस्तुस्थितीसाठी वेगळे काढून देणारी संगणकाची आज्ञावली आता सर्वत्र वापरली जाते. परकी भाषा शिकणारे, वैद्यकाचे विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षांचे उमेदवार हे तिचे मुख्य उपयोजक होत. तिचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा आणि तिच्यात वर्षानुवर्षे साठत जाणारी माहिती नाशापासून कशी वाचवावी, याचा विचार येथे केला आहे.

विस्मरणाचा नियम

विस्मरण मोजता येते, हे प्रथम दाखवून दिले हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम कमी पडतात हे नोंदवले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने आपले निष्कर्ष मांडले. पाठांतरानंतर वीस मिनिटांनी पहिल्या श्रमापैकी सुमारे ५८ टक्के श्रमांची बचत होत असे. एका दिवसानंतर ही बचत सुमारे ३४ टक्क्यांवर येई, आणि महिन्यानंतर ती सुमारे २१ टक्के उरे. विस्मरण आरंभी झपाट्याने होते व पुढे मंदावते, हा या आकड्यांचा अर्थ होय. तेवढ्याच श्रमाच्या उजळण्या एका बैठकीत उरकण्यापेक्षा त्या काही दिवसांवर विखुरल्या तर अधिक फलदायी ठरतात, हेही त्याच्या ध्यानी आले होते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट बरीच नंतर स्पष्ट झाली. धडा पुन्हा वाचणे आणि पुस्तक मिटून तो आठवण्याचा प्रयत्न करणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून मग आठवेल तितका लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत दोनदा वाचणारे सरस ठरले. त्यांना ८१ टक्के भाग आठवला, तर दुसऱ्या गटाला ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि त्या ओळखीलाच विद्यार्थी ज्ञान समजतो. घोकंपट्टी फसवते ती येथेच.

पेटीपासून संगणकापर्यंत

हे दोन्ही नियम एकत्र आणण्याचे सोपे साधन म्हणजे कार्ड. त्याच्या एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर असते. सेबास्टियन लाइटनर या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पत्रकाराने १९७२ साली आपल्या पुस्तकात अशा कार्डांसाठी अनेक कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि तो कप्पा अधिक दिवसांनी उघडला जातो. उत्तर चुकले की कार्ड पहिल्या कप्प्यात परत येते. परिणामी अवघड कार्डे वारंवार समोर येतात, सोपी क्वचित.

पोलंडमधील प्योत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्याने १९८५ साली स्वतःच्या अभ्यासावर कागदावर प्रयोग करून उजळण्यांमधील योग्य अंतर शोधण्याचा प्रयत्न केला आणि १९८७ साली हे गणित संगणकावर बसवले. 'सुपरमेमो' ही ती आज्ञावली होय. तिच्या आरंभीच्या रीतीनुसार पहिली उजळणी एका दिवसाने आणि दुसरी आणखी सहा दिवसांनी येते. त्यापुढे प्रत्येक अंतराला एका गुणकाने गुणले जाते. हा गुणक आरंभी २.५ असतो आणि उत्तरे जशी येतील तसा तो कमीअधिक होतो. गुणक स्थिर राहिला तर पुढची अंतरे १५, ३८ व ९५ दिवसांची होतात. म्हणजे सुमारे पाच महिन्यांत एका कार्डाच्या केवळ पाच उजळण्या पुरतात. याच गणितावर आधारलेली 'अंकी' ही विनामूल्य आज्ञावली डेमियन एल्म्स यांनी २००६ साली प्रसृत केली. जपानी भाषेत 'अंकी' म्हणजे पाठांतर. २०२३ साली तिच्यात एक नवी गणनापद्धती समाविष्ट झाली. ती त्या विद्यार्थ्याच्या मागील उत्तरांवरून त्याच्या विस्मरणाचा वेग अनुमानित करते आणि त्याप्रमाणे पुढची तारीख ठरवते.

कार्ड कसे लिहावे

यंत्र उजळणीची वेळ ठरवते, प्रश्न ठरवत नाही. बहुसंख्य उपयोजकांची निराशा होते ती कार्डे चुकीच्या रीतीने लिहिल्यामुळे. 'जीवनसत्त्वांविषयी माहिती सांगा' हे कार्ड निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर अर्धे आठवले तर ते बरोबर मानावे की चूक, हे ठरवता येत नाही. त्याऐवजी ''क' जीवनसत्त्वाच्या अभावाने कोणता रोग होतो?' आणि ''ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांना कोणता रोग होतो?' अशी दोन कार्डे करावीत. एकाचे उत्तर स्कर्व्ही, दुसऱ्याचे मुडदूस. एका कार्डात एकच गोष्ट असावी, हा यातील पहिला नियम.

प्रश्नाला एकच उत्तर संभवले पाहिजे, हा दुसरा. 'मध्य भारतातून पश्चिमेकडे वाहणारी नदी कोणती?' या प्रश्नाला नर्मदा आणि तापी ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. विद्यार्थी दर वेळी गोंधळतो आणि दोष स्मरणशक्तीला देतो. 'सातपुड्याच्या दक्षिणेकडून पश्चिमेस वाहणारी मोठी नदी कोणती?' असे विचारले की संदिग्धता नाहीशी होते.

तिसरा नियम असा की, न समजलेली गोष्ट कार्डावर लिहू नये. आधी धडा समजून घ्यावा, मगच त्यातील लक्षात ठेवण्याजोगे वेचे कार्डांवर उतरवावेत. इतरांनी केलेले हजारो कार्डांचे तयार संच आयते मिळतात, पण त्यांतील प्रश्नांमागचा संदर्भ विद्यार्थ्याला ठाऊक नसतो. स्वतः कार्ड लिहिणे हाच अभ्यासाचा एक भाग आहे.

एवढे करूनही काही कार्डे वारंवार चुकतात. 'अंकी'मध्ये एखादे कार्ड आठ वेळा विसरले गेले की आज्ञावली त्याला 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण करते आणि तशी निवड केलेली असल्यास बाजूला काढते. अशा कार्डाशी झगडत बसू नये. त्याचे दोन तुकडे करावेत, शब्दरचना बदलावी, चित्र जोडावे किंवा ते सरळ काढून टाकावे.

रोजचा रतीब

आज्ञावली ज्या हिशेबाने काम करते, तो हिशेब विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणावर उभा आहे. 'अंकी'मध्ये उत्तर पाहिल्यानंतर चार बटणे दिसतात: 'अगेन', 'हार्ड', 'गुड' आणि 'इझी'. उत्तर आठवले नसताना मनाची समजूत घालण्यासाठी 'हार्ड' दाबणे ही अत्यंत सामान्य चूक आहे. 'हार्ड'चा अर्थ आज्ञावलीच्या दृष्टीने 'कष्टाने का होईना, पण आठवले' असा होतो. विसरलेल्या कार्डासाठी 'अगेन' हे एकच बटण आहे.

नव्या कार्डांची संख्या बेताची असावी. 'अंकी'मध्ये दिवसाला वीस नवी कार्डे ही आरंभीची मर्यादा ठरवलेली असते. वीस हा आकडा लहान वाटतो, परंतु प्रत्येक नवे कार्ड पुढच्या अनेक उजळण्यांचे ऋण मागे ठेवते, आणि काही आठवड्यांतच रोजची उजळणी या संख्येच्या कित्येक पटींवर जाते. आजारपण वा प्रवास यांमुळे खंड पडून ढीग साचल्यास नवी कार्डे थांबवावीत आणि साचलेली रोज ठरावीक संख्येने संपवावीत. सर्व काही शंभर टक्के स्मरणात राहावे हा आग्रहही सोडावा. नव्या गणनापद्धतीत साधारण ९० टक्के स्मरण हे लक्ष्य असते. ते ९७ टक्क्यांपर्यंत चढवले तर थोड्याशा लाभासाठी कामाचा बोजा फार वाढतो.

खरा ठेवा कोणता

तीन-चार वर्षे अशी उपासना केलेल्या विद्यार्थ्याच्या संगणकात काय साठलेले असते? कार्डांचा मजकूर तर असतोच. पण त्याहून मोलाचा असतो तो प्रत्येक उत्तराचा इतिहास: कोणते कार्ड कोणत्या दिवशी आठवले, कोणते चुकले, पुढची तारीख कोणती. मजकूर पुस्तकावरून पुन्हा लिहिता येईल. हा इतिहास पुन्हा निर्माण करता येत नाही. तो नष्ट झाला की आज्ञावलीच्या लेखी विद्यार्थ्याला काहीच येत नाही, आणि दहा हजार कार्डे एकदम नवी होऊन समोर उभी राहतात. परीक्षेला दोन महिने उरले असताना ही आपत्ती कोसळली तर काय होईल, हे सांगावयास नको.

म्हणून या साठ्याची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. 'अंकी'मध्ये मजकूर, वेळापत्रक आणि इतिहास एका फाइलमध्ये असतात. चित्रे व ध्वनी वेगळ्या फोल्डरमध्ये. आज्ञावली अधूनमधून आपोआप राखीव प्रती घेते, पण त्या त्याच संगणकावर राहतात आणि त्यांत चित्रे व ध्वनी नसतात. संगणक चोरीस गेला वा त्याची डिस्क निकामी झाली, तर मूळ साठा आणि राखीव प्रत दोन्ही एकदमच जातात.

इंटरनेटद्वारे संगणक आणि मोबाइल यांवरील साठा सारखा ठेवण्याची सोय उपयुक्त आहे, पण तिला राखीव प्रत समजू नये. एका ठिकाणी चुकून पुसलेला संच दुसऱ्या ठिकाणीही पुसला जातो. दोन्हींकडील साठ्यांत मेळ बसेनासा झाला की आज्ञावली कोणता साठा राखावा असे विचारते. तेथे घाईने चुकीचा पर्याय निवडला तर जुना साठा नव्याला गिळून टाकतो.

यावर उपाय सोपा आहे. महिन्यातून किमान एकदा संपूर्ण संग्रह, वेळापत्रक आणि चित्रांसह, एकाच फाइलच्या रूपाने बाहेर काढावा, तिच्या नावात तारीख घालावी आणि ती अन्यत्र ठेवावी. मूळ फाइलच उचलून न्यायची असेल तर आधी आज्ञावली बंद करावी. चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघण्याचा संभव असतो.

तीन, दोन, एक

राखीव प्रतींसंबंधी एक सुटसुटीत नियम रूढ आहे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. उदाहरणार्थ, एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत किंवा नातेवाइकांच्या घरी.

या नियमातील प्रत्येक अंकामागे अनुभव आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहिती-केंद्राला आग लागली. ज्या ग्राहकांच्या राखीव प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी अनेकांनी आपली माहिती कायमची गमावली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. असे विषाणू संगणकाला जोडलेल्या डिस्कपर्यंतही पोहोचू शकतात. म्हणून बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवणे श्रेयस्कर.

प्रत घेणे पुरेसे नाही, ती उघडते की नाही हेही तपासले पाहिजे. १९९८ साली पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रतींकडे वळल्यावर ती व्यवस्था नीट चालतच नव्हती, असे उघडकीस आले. चित्रपटाच्या तांत्रिक पर्यवेक्षक गेलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर असलेल्या प्रतीमुळे चित्रपट वाचला. दैव असे प्रत्येकाला साथ देत नाही. सहा महिन्यांतून एकदा राखीव फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि चार-दोन कार्डे तपासावीत.

मौखिक परंपरेला हे तत्त्व अपरिचित नव्हते. वेदपठणात संहितेखेरीज पद, क्रम, जटा, घन असे पाठ सांगितले आहेत. त्यांत तेच शब्द सुटे करून किंवा ठरावीक रीतीने मागेपुढे फिरवून म्हटले जातात, त्यामुळे एका पाठातील चूक दुसऱ्याशी ताडून पकडता येते. शिवाय हा ठेवा एकाच कंठात न राहता दूरदूरच्या अनेक घराण्यांत राहिला. लिखित पोथीचा आधार न घेता एवढे मोठे वाङ्मय पिढ्यान्‌पिढ्या अविकृत राहण्यास अनेक प्रती, निराळी रूपे आणि नित्य पडताळणी ही त्रिसूत्री साहाय्यभूत ठरली.

संगणकाने स्मरणाचे कष्ट नाहीसे केलेले नाहीत. ते योग्य दिवशी योग्य ठिकाणी खर्च करण्याची सोय त्याने केली आहे. रोजची अर्ध्या तासाची उजळणी आणि महिन्याकाठी पाच मिनिटांची राखीव प्रत, एवढी शिस्त ज्याने अंगी बाणवली, त्याची विद्या आणि तिचा साठा ही दोन्ही सहसा त्याला दगा देणार नाहीत.