वाळवंटातली भटकंती आणि शरीराची सवय

दुबई किंवा शारजाला नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाचे पहिले काही महिने घर, गाडी, ऑफिस आणि मॉल या चार एसींमध्येच जातात. नोव्हेंबर उजाडला की मात्र चित्र पालटते. सकाळी समुद्रकिनारी चालणाऱ्यांची गर्दी होते. सुट्टीच्या दिवशी कोणी हत्ताच्या डोंगरात पायवाटा तुडवतो, कोणी रास अल खैमातील जेबेल जैस गाठतो. सह्याद्रीतल्या हिरव्या वाटांची सवय असलेल्यांनाही हे उघडेबोडके डोंगर भुरळ घालतात. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला भटकंतीचा हंगाम आणि तो वाया घालवू नये. वर्षभर लख्ख ऊन असूनही आखाती देशांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, कारण माणसे उन्हात जातच नाहीत.

प्रश्न उरतो उन्हाळ्याचा. उष्णता सोसण्याची क्षमता शरीर शिकून घेते. रोज थोडा वेळ उष्ण हवेत हालचाल केली, की एक ते दोन आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर व जास्त येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. एसीत बसून ही सवय लागत नाही. शिवाय लागलेली सवय काही आठवड्यांत मोडते. शाळांच्या सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये, महिनाभर महाराष्ट्राच्या पावसाळ्यात राहून परतलेला माणूस दहा वर्षांचा दुबईकर असला, तरी शरीराच्या दृष्टीने पुन्हा नवखाच असतो. नेमकी हीच गोष्ट विसरून पहिल्याच रविवारी जुन्या वेगाने धावायला जाणे अंगाशी येते.

ऑगस्टअखेर किनाऱ्यावरची हवा दमटही असते. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग थंड होते. दमट हवेत तो निथळत राहतो आणि शरीरातील उष्णता आतच साठते. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 पर्यंत उघड्यावर उन्हात काम करण्यास बंदी असते, ती उगाच नव्हे.

परतल्यावर पहिल्या दिवशी पहाटे 15-20 मिनिटेच चालावे आणि दोन आठवड्यांत हळूहळू वेळ वाढवावा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. तासन् तास चालायचे असल्यास नुसते पाणी ढोसत राहू नये, रक्तातील सोडियम घटू शकते. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ताक सोबत असावे. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या काही आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांमुळे उष्णतेचा त्रास वाढू शकतो. त्या परस्पर बंद करू नयेत, आधी डॉक्टरांशी बोलावे.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग तापलेले असेल, तर उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. व्यायामाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेले असू शकते. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, मानेला, काखेत व जांघेत बर्फ लावावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. एकाने लगेच रुग्णवाहिकेसाठी 998 क्रमांक फिरवावा, पण ती येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. तेवढ्या मिनिटांवरच मेंदू, मूत्रपिंडे आणि जीव वाचणे अवलंबून असते.

जेबेल जैस नोव्हेंबरातही तिथेच असतो. ऑगस्टमध्ये शरीराला दोन आठवडे द्यावेत.